चौथा आधी, पहिला नंतर: स्टार वॉर्स कोणत्या क्रमाने पाहावं?



एरवी आपण इथे नकाशे, लढाया, रेजिमेंटच्या गोष्टी यांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना निवृत्ती मानवलेली दिसत नाही. पण प्रश्न तुमच्यातूनच आलाय. बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: "सुट्टीत नातवंडं येणार आहेत. त्यांना स्टार वॉर्स बघायचं आहे आणि आमच्याबरोबरच बघायचं आहे. घरात दोन दिवस वाद चालू आहे. सून म्हणते पहिल्या भागापासून, जावई म्हणतो चौथ्यापासून. तुम्ही मागे एकदा या चित्रपटांचा उल्लेख केला होता. आम्ही सुरुवात कुठून करावी?"

ताई, वाद क्षुल्लक नाही. या प्रश्नावर मी एकदा सपशेल हरलो आहे आणि त्याची किंमत माझ्या नातीने मोजली आहे. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आधी एक वचन. या मालिकेत एक मोठं रहस्य आहे. जगातल्या अर्ध्या लोकांना ते माहीत असेल, पण तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांना ते आज माझ्याकडून कळणार नाही. निर्धास्त ऐका.

गोंधळ मुळात का आहे

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत तीसेक थिएटरांत एक चित्रपट लागला. नाव फक्त 'स्टार वॉर्स'. भाग पहिला, भाग चौथा, असं काहीही त्यावर नव्हतं. जॉर्ज लुकास नावाच्या तरुण दिग्दर्शकाचा हा चित्रपट चालेल अशी फार थोड्यांना खात्री होती. तो चालला, आणि असा चालला की पुढचा काढणं भाग पडलं.

१९८० मध्ये दुसरा आला, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. सुरुवातीला पडद्यावर खालून वर सरकत जाणारा पिवळा मजकूर येतो, तो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्यात या चित्रपटावर आकडा होता पाच! लोक चक्रावले. दुसरा चित्रपट आणि भाग पाचवा? मग १९८१ मध्ये पहिला चित्रपट पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा त्याच्या मजकुरात 'भाग चौथा, अ न्यू होप' अशी भर पडली. १९८३ मध्ये सहावा आला, 'रिटर्न ऑफ द जेडाय'.

हे आकडे कशासाठी? लुकासच्या लहानपणी फ्लॅश गॉर्डनसारख्या साप्ताहिक मालिका असायच्या. मागचा भाग चुकला तर सुरुवातीला चार ओळींत 'मागे काय घडलं' ते सांगायचे आणि थेट गोष्टीच्या मध्यात उडी. लुकासला तीच गंमत हवी होती: मोठ्या कहाणीच्या मधोमध तुम्ही येऊन बसला आहात.

मग सोळा वर्षांनी तो मागे वळला आणि पूर्वकथा काढली. १९९९ मध्ये भाग पहिला, 'द फँटम मेनेस'. २००२ मध्ये दुसरा, 'अटॅक ऑफ द क्लोन्स'. २००५ मध्ये तिसरा, 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासची कंपनी विकत घेतली आणि उत्तरकथा आली: सातवा २०१५ मध्ये, आठवा २०१७ मध्ये, नववा २०१९ मध्ये. मधल्या काळात दोन सुटे चित्रपट, 'रोग वन' २०१६ मध्ये आणि 'सोलो' २०१८ मध्ये.

असे हे अकरा. सलग पाहिले तर साधारण पंचवीस तास. आकड्यांचा क्रम एक, चित्रपट आले तो क्रम दुसरा. भांडण इथे आहे.

मी काय केलं

आता माझी गोष्ट. १९८४ चा हिवाळा होता. मी कॅप्टन होतो, उत्तरेकडच्या एका छावणीत. मेसमध्ये नवाकोरा व्हीसीआर आला होता. सुट्टीवरून परतलेल्या एका अधिकाऱ्याने दोन कॅसेटी आणल्या. शनिवारी रात्री आम्ही १९७७ चा पाहिला, रविवारी १९८० चा. वीसेक जण, बाहेर बर्फ, आत बुखारी पेटलेली. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटाकडे एक वाक्य येतं. अवघे चार-पाच शब्द. ते आलं आणि मेसमध्ये असा सन्नाटा पसरला की जनरेटरची घरघर ऐकू यायला लागली. मेस हवालदार हातात ट्रे घेऊन दारातच थबकला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण सगळे साहेब एकदम गप्प का झाले हे त्याला समजेना. आमचे टूआयसी, एरवी सिनेमाला नावं ठेवणारे, म्हणाले, "रिवाइंड करा. मी बरोबर ऐकलं का?"

त्या रात्रीसारखा सिनेमा मी नंतर पाहिला नाही. आणि मला तीच रात्र माझ्या नातीला द्यायची होती.

२०१७ च्या दिवाळीत मुलगा-सून बंगळुरूहून महूला आले. नात तेव्हा नऊ वर्षांची. मुलाने सहा चित्रपटांच्या डीव्हीडींचा संच आणला होता. डब्यांवर एक ते सहा आकडे. मी फौजी माणूस. आकडे दिसले की रांगेत लावणार. मुलगा म्हणाला, "बाबा, चौथ्यापासून सुरू करतात." मी म्हणालो, "एकच्या आधी चार कोणत्या शाळेत शिकवतात?"

भाग पहिला लावला. त्याची सुरुवातच व्यापारी मार्गांवरच्या करावरून झालेल्या वादाने होते. नात म्हणाली, "आबा, म्हणजे जीएसटी का?" पाच मिनिटांत ती फटाक्यांकडे बघायला लागली. तरी आम्ही नेटाने तीन संपवले. मग चौथा. मग पाचवा. ते वाक्य जवळ आलं तसा मी सरसावून बसलो. तेहतीस वर्षं जपलेला क्षण. वाक्य आलं. पडद्यावरचा नायक किंचाळला. आणि नात चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली, "हे तर आपल्याला माहीतच आहे ना, आबा. मग तो एवढा का रडतोय?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या तीन भागांनी तिला सगळं आधीच सांगितलं होतं. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त होण्यातली नव्हती. रहस्य एकदाच कळतं. कळलेलं परत न-कळलेलं करता येत नाही.

घडण्याचा क्रम आणि कळण्याचा क्रम

यातला धडा मला खरं तर फौजेत पंचवीस वर्षं आधी मिळाला होता.

आमच्याकडे अभ्यासासाठी लढाईचा एक काल्पनिक प्रसंग देतात. सगळी माहिती एकदम देत नाहीत. सुरुवातीला एक नॅरेटिव्ह हातात येतं: पहाटे पाच वाजता तुमची कंपनी इथे आहे, शत्रूबद्दल एवढंच माहीत आहे, बोला, काय कराल? तुम्ही डोकं खाजवून निर्णय घेता. मग पुढचं नॅरेटिव्ह: सकाळी नऊ वाजता हे घडलं. आता? अगदी शेवटी प्रशिक्षकांचं उत्तर वाटतात. ते गुलाबी कागदावर असायचं, म्हणून त्याला सगळी फौज 'पिंक' म्हणते.

एका कोर्सला मी आधीच्या बॅचच्या मित्राकडून जुना पिंक मिळवला. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. प्रशिक्षकाने फक्त एवढंच विचारलं, "डावीकडूनच का?" मला सांगता येईना. शत्रू उजवीकडे आहे हे मला माहीत होतं, पण ते मला कसं कळलं असतं, याचा मी विचारच केला नव्हता. उत्तर हातात होतं, शिकलो काही नव्हतो.

त्यातून मला कळलेली गोष्ट अशी: घटना घडण्याचा एक क्रम असतो आणि त्या आपल्याला कळण्याचा दुसरा. सांगणारा जाणकार असेल तर दुसरा क्रम तो फार विचाराने ठरवतो. भाग एकपासून सुरू करणं म्हणजे परीक्षेआधी पिंक वाचणं.

प्रदर्शनाच्या क्रमाची तीन कारणं

रहस्य बाजूला ठेवलं तरी चौथा भागच आधी का, याला तीन ठोस कारणं आहेत.

पहिलं: चौथा भाग नवख्या माणसासाठी बनवलेला आहे. लुकासवर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'चा प्रभाव होता. त्यात सरदार-राजकन्येची गोष्ट दोन भांडखोर शेतकऱ्यांच्या नजरेतून दिसते. लुकासने त्या जागी दोन यंत्रमानव घेतले. कथेतली सगळ्यात खालच्या पायरीवरची, ज्यांना काही माहीत नाही अशी पात्रं आधी येतात. मग येतो ल्यूक, वाळवंटात शेतावर राबणारा पोरगा. त्यालाही काही माहीत नाही. जेडाय म्हणजे कोण, फोर्स म्हणजे काय, हे त्याला एक म्हातारा आपल्या घरात बसवून समजावतो. ल्यूकला कळतं तेव्हाच आपल्यालाही कळतं. भाग पहिला मात्र हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. तिथे जेडाय थेट वाटाघाटींना येऊन उभे राहतात.

दुसरं: पूर्वकथेतले उत्तम क्षण आठवणीवर उभे आहेत. एकच सांगतो. १९७७ च्या चित्रपटात ल्यूक संध्याकाळी घराबाहेर येतो आणि क्षितिजावर मावळणारे दोन सूर्य बघत उभा राहतो. मागे जॉन विल्यम्सचं संगीत. घर सोडून कुठेतरी जावंसं वाटणाऱ्या प्रत्येक पोराची ती संध्याकाळ आहे. २००५ च्या चित्रपटाचा शेवटही त्याच दोन सूर्यांसमोर होतो. आधीचं पाहिलेलं असेल तर घशाशी आवंढा येतो. नसेल तर तो नुसता छान सूर्यास्त.

तिसरं कारण डोळ्यांचं. १९७७ मध्ये संगणकावर याने उडवायची सोय नव्हती. लुकासने त्यासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही स्वतःची कंपनी उभी केली. जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा कॅमेरा बनवला, जो ठरवून दिलेली हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत तशीच करायचा. मॉडेल जागेवर उभं, फिरतो तो कॅमेरा, आणि आपल्याला वाटतं यान झेपावलं. आकाशातल्या झुंजी बसवताना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढतींची चित्रणं समोर ठेवली होती. आमच्या मेसमधल्या एअर डिफेन्सवाल्याने हे लगेच ओळखलं होतं. या कामाचं मोल कळायचं तर ते आधी बघावं. २००५ ची झगमग पाहून मागे आलात तर मुलं म्हणणार, "हे किती हळू आहे!"

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते प्रसिद्ध रहस्य १९७७ मध्ये ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने लिहिला, त्यात ते नाही. खर्डा देऊन थोड्याच दिवसांत, १९७८ मध्ये, त्या वारल्या. पुढचा खर्डा लुकासने स्वतः लिहिला, आणि त्यात ते आलं. म्हणजे सांगणाऱ्यालाही गोष्ट याच क्रमाने सापडत गेली. चौथ्या भागाचा निरागसपणा खोटा नाही, कारण तेव्हा लपवायला काही नव्हतंच.

एकदा सापडल्यावर मात्र त्यांनी ते फौजी शिस्तीत जपलं. सेटवर खलनायकाच्या काळ्या पोशाखात डेव्हिड प्रोज होता. त्याला त्या जागी दुसरंच वाक्य दिलं होतं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं. नायक मार्क हॅमिल याला चित्रीकरणाच्या थोडं आधी दिग्दर्शक इर्विन कर्शनरने कानात सांगितलं. ज्याला गरज, त्यालाच माहिती. एवढ्या मेहनतीने जपलेली गोष्ट आपण डीव्हीडीच्या आकड्याला भुलून उधळावी का?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

सुनेची बाजूही ऐकू. ती दमदार आहे. आपल्याकडे रहस्याचं एवढं कौतुक कधी होतं? अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा तो परत येणार नाही हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी कीर्तनात तो प्रसंग आला की डोळ्यांना पदर लागतो. आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही, यातूनच ते दुःख येतं.

अगदी खरं. आणि एक ते सहा या क्रमाने पाहिलं तर स्टार वॉर्स तशीच कहाणी होते. एक प्रजासत्ताक टाळ्यांच्या गजरात कसं साम्राज्य होतं, चांगली माणसं भीतीपोटी एकेक पाऊल कशी चुकत जातात, हे सलग दिसतं. गणवेश घातलेल्या माणसाला ते जास्तच लागतं. पण अभिमन्यूची गोष्ट आपण आजीच्या मांडीवर पहिल्यांदा ऐकली, तेव्हा आपल्यालाही शेवट माहीत नव्हता. पहिल्यांदा न कळता ऐकायची, नंतर जन्मभर कळून ऐकायची. म्हणून माझं म्हणणं: आकड्यांचा क्रम दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा. चुकीचा नाही तो, फक्त पहिल्यांदाचा नाही.

मधला मार्ग

तिसराही एक क्रम आहे. रॉड हिल्टन नावाच्या एका अमेरिकी चाहत्याने तो २०११ मध्ये मांडला. त्याला मशेटी क्रम म्हणतात. मशेटी म्हणजे कोयत्यासारखं लांब पातं. यात चौथा, पाचवा, मग दुसरा, तिसरा आणि शेवटी सहावा. पहिला भाग चक्क छाटलेला. काही जण तो दुसऱ्याच्या आधी घालून पाहतात.

युक्ती हुशार आहे. पाचव्यात रहस्य फुटतं, मग लगेच मागे जाऊन ते कसं घडलं हे बघायचं, आणि सगळं कळल्यावर सहाव्यात समारोप. रहस्य शाबूत राहतं आणि सहाव्या भागाचं वजन वाढतं. मोठ्या माणसांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हा क्रम मी आनंदाने सुचवेन.

मुलांसाठी मात्र दोन अडचणी. सहाव्यात आणखी एक छोटं रहस्य आहे, ते या क्रमात तिसऱ्या भागातच फुटतं. आणि पाचवा भाग संपतो तेव्हा नायकाचा एक जिवलग संकटात अडकलेला असतो. त्याला तसाच ठेवून पाच तास पूर्वकथा दाखवणं हे दहा वर्षांच्या पोराला कसं पटणार? त्याला आधी मित्राला सोडवायचं असतं. मुलांचं बरोबर असतं.

तर ताई, बेत असा आखा

पहिला आठवडा: चौथा, पाचवा, सहावा. पाचवा आणि सहावा यांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर नको. मुलं विचारतील, "सुरुवात चौथ्यापासून का?" तर खरं तेच सांगा: हा जन्मला तेव्हा त्याच्यावर आकडा नव्हता.

आज मिळतात त्या प्रती लुकासने १९९७ पासून वेळोवेळी बदललेल्या आहेत. सहाव्याच्या अगदी शेवटी एक तरुण चेहरा दिसतो. तो १९८३ मध्ये तिथे नव्हता, २००४ मध्ये घातला. मुलांनी "हा कोण?" विचारलं तर म्हणा, "पुढच्या आठवड्यात कळेल."

दुसरा आठवडा: पहिला, दुसरा, तिसरा. पहिला संथ वाटला तरी धीर धरा. त्यातली शर्यत आणि शेवटची तलवारबाजी मुलांना आवडते. तिसरा जपून. अमेरिकेत या मालिकेतलं पहिलं पीजी-१३ प्रमाणपत्र याला मिळालं. शेवटचा अर्धा तास काळोखा आणि क्रूर आहे. आठ वर्षांखालचं मूल असेल तर मी तो पुढच्या वर्षावर टाकेन.

मग 'रोग वन', आणि यासाठी मी तुम्हाला हात जोडून सांगतो, हा चुकवू नका. १९७७ च्या चित्रपटात सुरुवातीच्या मजकुरात एक ओळ आहे: बंडखोरांच्या हेरांनी शत्रूच्या महाकाय शस्त्राचे आराखडे चोरले. एवढंच. 'रोग वन' म्हणजे ती एक ओळ. आमच्या युद्धनोंदींमध्ये अशा ओळी असतात. 'पहाटे अमुक ठाणं ताब्यात आलं.' वाचणारा पुढे सरकतो. त्या ओळीत कोण कोण होतं हे ज्यांना माहीत असतं ते तिथेच थांबतात. हा चित्रपट त्या ओळीपाशी थांबतो. चौथा भाग सुरू होतो त्याच्या किंचित आधी तो संपतो, म्हणून तो पाहिल्यावर लगेच चौथ्याची पहिली वीस मिनिटं परत लावा. तीच दृश्यं वेगळी दिसतील. पण त्यापासून सुरुवात मात्र करू नका. आराखडे कशाचे आणि कोणासाठी हे माहीत असलं तरच त्या ओळीला वजन येतं.

तिसरा आठवडा: सात, आठ, नऊ. यांच्या क्रमाबद्दल वाद नाही. 'सोलो' ऐच्छिक, पावसाच्या दुपारी बरा. मुलांना चटक लागलीच तर 'द क्लोन वॉर्स' ही ॲनिमेशन मालिका दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधली आहे, आणि 'द मँडलोरियन' सहाव्यानंतर काही वर्षांनी घडते. पण त्या नंतर. आधी सहा चित्रपट.

घरातल्या मोठ्यांसाठी तीन सूचना. ॲपवर यादी आकड्यांनुसार लागलेली असू शकते, तेव्हा रिमोट तुमच्या हातात ठेवा. ज्या भावंडांना रहस्य माहीत आहे त्यांना कटात सामील करून घ्या, वगळलंत तर ती फोडणार. आणि तो क्षण जवळ आला की "आता बघ हं!" म्हणू नका. माझ्यासारखे सरसावून बसू नका. पोरं पडद्याआधी तुमचा चेहरा वाचतात.

गेला मे

धाकटा नातू आता नऊ वर्षांचा झाला. गेल्या मे महिन्यात तो महूला आला तेव्हा मी डीव्हीडीचे आकडे कागद चिकटवून झाकून टाकले होते. सतरा वर्षांची नात ते बघून हसली. तिने त्याला आठ वर्षांत एक अक्षर सांगितलं नव्हतं. शाळेतले मित्र, टी-शर्ट, जाहिराती, सगळ्यांतून तिने त्याला वाचवून आणलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

शनिवारी चौथा, रविवारी पाचवा. खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर. ते वाक्य आलं. नातवाचा हात आंब्याच्या फोडीपाशी थांबला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "हे खोटं आहे ना, आबा?"

मी म्हणालो, "उद्या कळेल."

मी मागे वळून पाहिलं. नात पडद्याकडे बघतच नव्हती. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते.

मी तिच्याकडे बघून मान खाली घातली. ती म्हणाली, "असू दे, आबा. मला आत्ता दिसलं."

तर ताई, जावयाचं ऐका. पुढच्या सुट्टीत सुनेचं.

जय हिंद.